घरच्या पायमशीनवर स्विमिंग कॉस्च्यूम शिवता येईल का?

बोरीकाठ (अमळनेर)
नमस्कार मंडळी. वय ४६, गुडघे दुखतात. पाण्यात गुडघ्यावर भार येत नाही म्हणून डॉक्टरांनी पोहायला सांगितलंय. बाह्या कोपरापर्यंत आणि पाय गुडघ्याच्या खाली असा कॉस्च्यूम हवाय. माझी उंची ५ फूट ८ इंच, त्यामुळे तयार घेतलेला खांद्यात ओढतो. ब्लाउज, पंजाबी ड्रेस मी घरीच शिवते. भाचीनं सुरतहून काळं नायलॉन-लायक्रा आणून दिलंय, दीड मीटर, पन्हा ५८. मशीन उषाचं, सरळ टाक्याचं. चिंधीवर चालवून पाहिलं तर मधले टाके सुटतात, आणि शिवण ताणली की दोरा तटकन तुटतो. पाठीला चेन लावावी असंही मनात आहे. जमेल का हे?

सुईदोरा (भुसावळ)
जमेल ताई, नक्की जमेल. ब्लाउज बसवता येतो त्या हाताला हे अवघड नाही, फक्त हिशेब उलटा आहे. ब्लाउजला आपण अंगापेक्षा लूज ठेवतो, इथं कापड अंगापेक्षा कमी ठेवायचं. सीट (नितंबाचा घेर) ४० असेल तर कापड ३६ भरू द्या. नाहीतर ओलं झालं की फुगून लोंबतं.

आधी कापड तपासा. ४ इंच धरून ओढा. सहज ६ पर्यंत जाऊन जागेवर परत आलं पाहिजे, आडवंही आणि उभंही. जास्त ताण आडवा, अंगाभोवती येऊ द्या.

उंच बाईचं खरं माप खांदा ते खांदा: पुढून खाली, आसनातून मागे, परत त्याच खांद्यावर. तयार कपड्यात हेच कमी पडतं म्हणून तुम्हाला ओढतं. माप ६६ आलं तर ६२च्या आसपास कापा. आसनाला चौकोनी कळी (जोडतुकडा) घाला, चार शिवणी एका जागी आल्या की काचतात.

टाके सुटतात ते सुईमुळे. बॉल पॉइंट नाहीतर स्ट्रेच सुई घ्या, ११ नंबर. तिचं टोक बोथट असतं, लायक्राचे तंतू न फाडता बाजूला सरकवतं. दोरा पॉलिस्टरचा, सुती अजिबात नको. ओव्हरलॉकवाल्यांकडचा फुगीर नायलॉन धागा मिळाला तर तो बॉबिनमध्ये भरा. टाका बारीक, वरचा ताण सैल, आणि शिवताना कापड पुढून-मागून हलकं ताणून धरा. खाली साध्या पांढऱ्या कागदाची पट्टी ठेवली की कापड दातात ओढलं जात नाही.

एवढं केलं तरी मुख्य शिवणींवर झिगझॅग हवाच, कारण शिवण कापडाइतकी ताणली गेली पाहिजे. मशीन बदलू नका. तुमच्याकडे पिको-फॉल करणारी बाई असेलच, तिची मशीन झिगझॅगचीच असते. सगळं कच्चं टाचून तिच्याकडे न्या आणि टाका साडीच्या काठापेक्षा रुंद लावायला सांगा.

चेन नको. गळा थोडा मोठा ठेवला की त्यातूनच पाय घालून चढवता येतो. गळा २४ इंच असेल तर पाव इंची इलॅस्टिक २२ कापा, आत झिगझॅगनं बसवा, दुमडून वरून परत टाका. बाह्या आणि पायाला इलॅस्टिक नको, पाऊण इंच दुमड पुरते. परकराचं वेणीचं इलॅस्टिक वापरू नका, ताणलं की अरुंद होतं. सपाट विणलेलं, ताणूनही रुंदी तशीच राहणारं आणा.

पांझराकाठ (धुळे)
माझी मुलगी स्पर्धेत पोहते म्हणून सांगतो. तलावातल्या स्पर्धांच्या आंतरराष्ट्रीय नियमात २०१० पासून बायकांचा कॉस्च्यूम खांदा ते गुडघा एवढाच असतो, चेन चालत नाही. तुम्हाला त्याची अडचण नाही, पण शिकण्यासाठी जिथं नाव घालाल त्या तलावावर बाह्यांचा ड्रेस चालतो का, ते कापड कापण्याआधीच विचारून घ्या.

बोरीकाठ (अमळनेर)
दोघांचेही मनापासून आभार. सुईदोरा ताई, अस्तर आणि कप लागतील का? आणि क्लोरीनमध्ये हे टिकेल किती?

सुईदोरा (भुसावळ)
काळ्याला पूर्ण अस्तर नको. कापडाचा तुकडा भिजवून तळहातावर ताणा, रेघा दिसल्या तर पुढच्या भागाला अस्तर घाला. तेही ताणणारंच, मलमल नाही. छातीला मात्र दुहेरी घ्या आणि खालच्या कडेला अर्धा इंची इलॅस्टिक लावा, मग कपाची गरज पडत नाही.

क्लोरीन लायक्राला खातंच. पाण्यात उतरण्याआधी कॉस्च्यूम साध्या पाण्यानं चिंब करा, म्हणजे तलावाचं पाणी कमी शोषतो. बाहेर आलात की लगेच धुवा. पिळू नका, टॉवेलात गुंडाळून दाबा. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या गच्चीवर तर मुळीच टाकू नका, घरात पंख्याखाली वाळतो. पुढच्या वेळी पॉलिस्टर-पीबीटी (लायक्राशिवायच ताणणारं कापड) मिळतंय का विचारा. ते कमी मऊ लागतं, पण क्लोरीनला नायलॉन-लायक्रापेक्षा कितीतरी जास्त टिकतं.

मापं घेतलीत की इथं टाका, कापण्याआधी मी आकडे बघून देते.