औंढ्याच्या लायगोवर २६०० कोटी खर्च करावेत का?

माळरान

१४ जानेवारी २०२५, आपल्याकडे संक्रांत होती त्या दिवशी, अमेरिकेतल्या लायगोच्या, म्हणजे अवकाशालाच थरथरवणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेच्या, दोन्ही यंत्रांनी एक थरथर टिपली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरत फिरत एक झाली होती. प्रत्येक आपल्या सूर्याच्या तीसएक पट वजनाचं. त्यावरचा अभ्यास सप्टेंबरमध्ये प्रसिद्ध झाला.

त्यातली एक गोष्ट मला कुणाला तरी सांगायचीच होती. स्टीफन हॉकिंग यांनी १९७१ मध्ये मांडलं होतं की कृष्णविवरं एक झाली तरी त्यांच्या पृष्ठभागाचं एकूण क्षेत्रफळ घटू शकत नाही. इथे आधी दोघांचं मिळून क्षेत्रफळ होतं साधारण २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर. महाराष्ट्र ३ लाख ७ हजारांचा, म्हणजे दोन्ही आपल्या राज्यात मावली असती. एक झाल्यावर क्षेत्रफळ भरलं सुमारे ४ लाख. आणि वजन? ते कमी झालं होतं, कारण सुमारे तीन सूर्यांइतकं वस्तुमान या लहरी होऊन निघून गेलं. वजन घटलं आणि पृष्ठभाग वाढला! हे वाचल्यावर मी बराच वेळ गच्चीवर जाऊन बसलो.

असंच यंत्र आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ होणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटी मंजूर केले आणि २०३० चं उद्दिष्ट ठेवलं. मी मूळचा वसमतचा, सध्या पुण्यात. गावी गेलो की लोक विचारतात, "ते काय करायलेत तिथं?" आणि पाठोपाठ, "त्याचा आपल्याला काय उपयोग?" माझ्या मते हा खर्च योग्य आहे आणि काम आणखी लवकर व्हायला हवं. ज्यांना पटत नसेल त्यांनी मोकळेपणाने लिहा.

हळदवाला_कळमनुरी

भाऊ, लिहिलंय चांगलं, समजलं बी. पण मला पटत नाही.

मागच्या हंगामात हळद शिजवून वाळत घातली आन् अवकाळी पाऊस आला. रात्री दोन वाजता घरातली सगळी माणसं, माझी म्हातारी आई सुद्धा, ताडपत्र्या घेऊन पळायलो होतो. अर्धी भिजली. भिजलेल्या हळदीचा रंग उतरतो, मग व्यापारी हातात घेऊन नुसता बघतो आन् खाली ठेवतो. गावात झाकलेलं वाळवण असतं, साधं गोदाम असतं तर हे झालं नसतं. आमच्या गावची पोरं बारावी करून तुमच्या पुण्यात सेक्युरिटीच्या नोकऱ्या करायलेत. लायगोत त्यांना काय मिळणार? गेटवर उभं राहायचं काम. यंत्र चालवणारे बाहेरूनच येणार.

मी विज्ञानाच्या विरोधात नाही. आधी काय आन् नंतर काय, एवढंच म्हणायलो.

त्रिज्या

दादा, तुमच्या हळदीचं वाचून वाईट वाटलं. पण गोदाम झालं नाही ते लायगोमुळे नाही. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, खर्च सुमारे ५५ हजार कोटी. त्या हिशेबात २६०० कोटी म्हणजे ३३ किलोमीटर रस्ता. रस्ता नको असं मी म्हणत नाही, पण वेधशाळा रद्द केली तर ते पैसे कळमनुरीच्या वाळवणाकडे वळतील, असं कुठे ठरलंय?

तिसरं यंत्र कशाला, असंही लोक विचारतात. रात्री शेतात टिटवी ओरडली तर डाव्या-उजव्या कानातल्या फरकावरून तुम्ही बाजू ओळखता, पण नेमकं झुडूप नाही. लायगोचंही तसंच आहे. अमेरिकेतल्या दोन यंत्रांत ३००० किलोमीटरचं अंतर आहे. लहर प्रकाशाच्या वेगाने येते, त्यामुळे दोघांकडे पोचण्यातला फरक फार तर १० मिलिसेकंदांचा. २०१५ मध्ये पहिली लहर सापडली तेव्हा तो ७ होता. एवढ्यावरून आकाशात एक लांबट पट्टा मिळतो, ठिकाण मिळत नाही.

१७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे, म्हणजे मेलेल्या ताऱ्यांचे अतिघन गाभे, एकमेकांवर आदळल्याची लहर आली तेव्हा इटलीतलं व्हर्गो हे तसंच यंत्र नुकतंच सोबतीला आलं होतं. शोधायचं आकाश २८ चौरस अंशांवर आलं आणि ११ तासांच्या आत दुर्बिणींनी १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या आकाशगंगेत ती चमक पकडली. सोनं, प्लॅटिनम असे जड धातू अशा टकरींत तयार होतात, याचा पुरावा त्यातून मिळाला. माझ्या आईच्या बांगड्यांतल्या सोन्याचा उगम कुठल्या तरी अशाच टकरीत असू शकतो, हे कळल्यापासून मी त्या बांगड्यांकडे वेगळ्या नजरेने बघते. भारत अमेरिका, युरोप, जपान या सगळ्यांपासून लांब आहे, म्हणूनच औंढ्याचं यंत्र ठिकाण शोधायला इतकं मोलाचं ठरेल.

आणि हे परक्यांचं विज्ञान नाही. गोंगाटातून अशी लहर वेगळी काढायची पद्धत विकसित करण्यात संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांचा मोठा वाटा आहे. ते काम पुण्यात, आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत झालं, पहिली लहर सापडण्याच्या वीसहून जास्त वर्षं आधी.

जुनामास्तर

त्रिज्याताई, टिटवीचं उदाहरण उत्तम. वर्गात शिकवत होतो तेव्हा सुचलं असतं तर वापरलं असतं. तरीही मी या खर्चाच्या बाजूने नाही, आणि कारण हळदवाल्यांपेक्षा वेगळं आहे.

मी मराठवाड्यातल्या एका शाळेत ३१ वर्षं विज्ञान शिकवलं. प्रयोगशाळा म्हणजे एक लोखंडी कपाट. त्यात प्रकाशाचे रंग दाखवणारा काचेचा एकच लोलक, कोपरा उडालेला. साठ मुलं रांगेने यायची, प्रत्येकाला तो मी काही सेकंद डोळ्याला लावू द्यायचो. एक मुलगी पुन्हा रांगेत शिरली, पुन्हा शिरली. तिसऱ्यांदा तास संपला. तिचं पुढे लग्न झालं, शिक्षण दहावीवर थांबलं. शिखरावर २६०० कोटी घालताना पायथ्याशी दुसरा लोलक नसेल, तर औंढ्याच्या यंत्रावर औंढ्याची मुलं कधी पोचणार? आधी शाळा. मग कृष्णविवरं.

किल्लारी९३

जागाच चुकलीय. हिंगोलीत २०२४ च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये साडेचार रिश्टरच्या आसपासचे धक्के बसले. वसमत तालुक्यात पांगरा शिंदेकडे जमिनीतून आवाज येतात म्हणून लोक घराबाहेर झोपतात. प्रोटॉनच्या हजाराव्या भागाएवढी हालचाल मोजणारं यंत्र तिथे? ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मी पाहिलीय. मला हे धाडस वाटतं.

त्रिज्या

किल्लारी९३, तुम्ही जे पाहिलंय त्यापुढे मी काय बोलू. फक्त यंत्राचं सांगते.

भूकंपाचा धोका खरा आहे. जपानमधलं काग्रा हे असंच यंत्र तर डोंगराच्या पोटात आहे, तरी १ जानेवारी २०२४ च्या भूकंपात त्याचं नुकसान झालं. दुरुस्ती होऊन ते २०२५ मध्ये पुन्हा सुरू झालं. रोजच्या थरथरीचा बंदोबस्त मात्र या यंत्रांच्या रचनेतच असतो. ४० किलोचे आरसे एकाखाली एक अशा चार लंबकांच्या साखळीत, केसासारख्या बारीक काचतंतूंवर टांगलेले असतात. वरची हालचाल खाली पोचेपर्यंत विरते. मोठा धक्का आला की मोजणी तुटते, मग आरसे पुन्हा जुळवून घ्यायचे.

ते किती संवेदनशील असतं याचा एक किस्सा. अमेरिकेत हॅनफर्डला, लायगोच्या दोनपैकी एका यंत्रापाशी, उन्हाळ्यात एक अनोळखी खळखळ नोंदींत दिसायला लागली. शोधत शोधत माणसं एका नळीपाशी पोचली. तिच्यावर बर्फ साचायचा आणि तहानलेले डोमकावळे त्यावर चोची मारायचे. बर्फावर चोचींच्या खुणा होत्या! मग नळीच झाकून टाकली.

मास्तर, तुमचा मुद्दा मला खोडता येत नाही. मला दोन्ही हवंय एवढंच. आणि उशीर परवडणारा नाही. २०२५ मध्ये अमेरिकेच्या अर्थसंकल्पात दोनपैकी एक यंत्र बंद करायचा प्रस्ताव आला होता. तसं कधी झालं तर आकाशातलं ठिकाण सांगणार कोण?

हळदवाला_कळमनुरी

ताई, कावळ्याची चोच बी ऐकू जाते म्हणता. मग माझा ट्रॅक्टर? बोअरची गाडी? खदानीतला सुरुंग? उद्या कुणी येऊन म्हणलं की इथं नांगर चालवू नका, तर आम्ही कुठं जायचं? हे आम्हाला आतापर्यंत कुणी सांगितलेलं नाही. मला राग यंत्राचा नाही, याचा आहे.

माळरान

हळदवाले भाऊ, हा प्रश्न मला सुचलाच नव्हता, आणि सगळ्यात आधी विचारायला हवा होता तो हाच. अमेरिकेत लिव्हिंगस्टनच्या यंत्राला आसपासची झाडतोड आणि रेल्वे यांचा त्रास होतो, तरी दोन्ही चालू आहेत. म्हणजे लगेच बंदीच येते असं नाही. पण औंढ्यासाठी नियम काय, खदानींचं काय, बोअरचं काय, हे लेखी आणि मराठीत मिळायला हवं. खर्च योग्य आहे हे माझं मत कायम आहे, पण "लवकर करा" म्हणताना मी ही पायरी गाळत होतो.

पुढच्या महिन्यात गावी येतोय. तुमच्या ग्रामसभेची तारीख कळवा, अर्ज मी लिहून आणतो. मास्तर, तुम्हीही या. येताना पुण्यातून लोलक आणतो, त्या शाळेसाठी वीस.

जुनामास्तर

तीस आणा. वर्ग वाढलाय.