पदकाच्या कडेवर '१९ बॉम्बे एन. आय.', आता पुढे शोध कुठे?

प्रश्न
चांदीचं पदक आहे. एका बाजूला राणी व्हिक्टोरिया, दुसऱ्या बाजूला पाठीवर तोफ लादलेला हत्ती आणि १८७८-७९-८०. वर लढाईच्या नावाची आडवी पट्टी नाही. कडेवर इंग्रजीत 'सिपॉय', मग झिजलेलं नाव आणि '१९ बॉम्बे एन. आय.' (नेटिव्ह इन्फन्ट्री, म्हणजे देशी पायदळ). आडनाव कुठेच नाही. घरी 'मराठा पलटणीतलं' एवढंच सांगतात. गाव दापोली तालुक्यात. बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीकडे पत्र पाठवू का? आणि पदक घासून घेतलं तर नाव दिसेल का?

उत्तर १
घासू नका. अक्षरं कोरलेली आहेत, पॉलिशने आणखी बुजतील. अंधारात टॉर्च कडेला जवळजवळ टेकवून तिरपा उजेड पाडा, पदक थोडं थोडं फिरवत मोबाइलने फोटो काढा. सावलीत अक्षरं उठतात. आडवी पट्टी नसण्यात काही खोट नाही. दुसऱ्या अफगाण युद्धाच्या या पदकावर पट्ट्या ठरावीक सहाच लढायांच्या. मैवंदसारख्या मोठ्या लढाईचीही नव्हती.

उत्तर २
बेळगावचं पत्र वाया जाईल. १९०३ मध्ये मुंबईच्या पलटणींच्या आकड्यात शंभर मिळवले गेले, म्हणून १९ची झाली ११९ (मुलतान रेजिमेंट). १९२२च्या फेररचनेत ती नवव्या जाट रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली. मराठ्यांकडे गेल्या त्या १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७. म्हणजे पलटणीचा इतिहास बरेलीच्या जाट केंद्राकडे विचारायचा. पदकांच्या याद्या लंडनला ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या कागदांत आहेत, पण साध्या सिपायाची स्वतंत्र फाइल तिथे मिळेल या आशेवर पैसे घालवू नका.

उत्तर ३
आडनाव नाही म्हणून पदक परक्याचं ठरत नाही. त्या काळी पलटणीत स्वतःचं आणि बापाचं नाव लिहीत. गावावरून आडनाव पुष्कळ घरांत नंतर आलं. इंग्रजी स्पेलिंगही कानाला ऐकू आलं तसं: 'अ'साठी यू, 'ई'साठी डबल ई. ते मोठ्याने वाचा, मग नाव लागतं.

खरा शोध गावात. १८८० साली लढणारा माणूस साधारण १८४० ते १८६२ मधला, म्हणजे मृत्यू बहुधा १९०० ते १९३० च्या आसपास. तहसीलमध्ये गाव नमुना १४ (कोतवाल बुक, म्हणजे जन्ममृत्यूची नोंदवही) मागा. मृत्यूची नोंद मोडीत असू शकते, वाचणारा सोबत न्या. दुसरी वाट जमिनीची. जुन्या हस्तलिखित सातबारावर वर्तुळात फेरफार (हक्कबदलाच्या नोंदी) क्रमांक असतात. एकेक क्रमांक मागे जात वारस फेरफार काढा, त्यात मयताचं नाव आणि सगळ्या मुलांची नावं एकत्र सापडतात. हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, त्यामुळे त्याआधीचे फेरफार शोधत बसू नका. त्याहून बऱ्याच जुन्या कागदांत तालुक्याचं नाव दापोली नसून सुवर्णदुर्ग असू शकतं.

फसगत होते ती इथे: नातवाला आजोबाचं नाव. 'गोविंद बिन रामा' (रामाचा मुलगा गोविंद), मग 'रामा बिन गोविंद', मग पुन्हा 'गोविंद बिन रामा'. नुसती जोडी जुळली म्हणून सिपाई सापडला असं धरलंत तर आजोबा आणि नातू एक होऊन बसतील. वय किंवा मृत्यूचं साल सोबत जुळल्याशिवाय वंशावळीत नाव टाकू नका.

प्रश्नकर्ता
तिरप्या उजेडात बापाचं नाव लागलं! पण गावात याच जोडीचे दोघे आहेत, एकाचा मृत्यू १८७१.

उत्तर ३
मग तो बाद. १८८० ला जिवंत असलेल्या दुसऱ्याचा वारस फेरफार काढा. आणि पदक सध्या कुणाच्या शाखेत आहे तेही बघा. ती शाखा त्या फेरफारातल्या मुलांपैकी एकाची निघाली तर दुवा पक्का.