मदत हवी आहे: प्रेग्नन्सीतलं खाणं आणि बाळाचं मन, व्हिटॅमिन बी१२ बद्दल

नमस्कार मैत्रिणींनो, मला पाचवा महिना चालूय आणि आम्ही पूर्ण शाकाहारी, अंडंपण नाही. उलट्या आता कमी झाल्यात पण भाजी बघितली की नको वाटतं, चहा-खारी नाहीतर वेफर्स एवढंच जातं. त्यात रात्री वाचत बसले आणि डोकं फिरलं. नॉर्वेत २३ हजारांवर आयांचा अभ्यास झालाय (२०१३), ज्यांच्या खाण्यात गोड ड्रिंक्स, खारट स्नॅक्स, प्रोसेस्ड मांस जास्त होतं त्यांच्या मुलांमधे पाच वर्षांपर्यंत राग, आदळआपट जरा जास्त दिसली. म्हणजे नुसता संबंध दिसला, त्यामुळेच झालं असं नाही, तेवढं कळतं मला. पण आपल्या पुण्याचं जास्त लागलं. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. याज्ञिकांनी १९९३ पासून आसपासच्या गावातल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला, बऱ्याच जणींचं बी१२ कमी निघालं आणि अशा आयांची मुलं नऊ वर्षांची झाल्यावर लक्ष आणि स्मरणशक्तीच्या काही टेस्टमधे थोडी मागे होती.

माझं बी१२ कोणी तपासलंच नाही, फक्त आयर्न, कॅल्शियम आणि फॉलिक चालूय. तुमच्यापैकी कोणी ही टेस्ट करून घेतली का, आणि डॉक्टरांनी गोळी दिली की इंजेक्शन? दूध-दही-ताकावर भागतं का? सासूबाई अहळीव आणि डिंकाचे लाडू म्हणतायत, प्रेमाने म्हणतात पण त्यात बी१२ कुठलं. आणि मळमळत असताना पोटात टिकेल असं काय खाल्लंत तेही सांगा, पुढची व्हिजिट सोमवारी आहे त्याआधी कळलं तर बरं होईल.