कोरड्या दुष्काळातली पक्षनिष्ठा ओल्यात टिकते का?

सीनाकाठ_परंडा:
आमचे अण्णा 1972 च्या दुष्काळात खडी फोडून जगलेले. तेव्हापासून त्यांचं राजकारण एकच: पाणी. कृष्णेचं पाणी मराठवाड्यात आणू म्हणणाऱ्याचा झेंडा तो आपला झेंडा. 2016 ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा तर त्यांची निष्ठा आणखी घट्ट झाली. आणि 2025 च्या सप्टेंबरात सीना नदी न बोलावता थेट ओसरीवर आली. सोयाबीन गेलं. दीड एकराची माती खरडून खाली मुरूम उघडा पडला. आता अण्णा म्हणतात, "पाणी मागायचं कुणाकडं आणि कशाला?" तुमच्याकडे जुन्या माणसांचं असं काही झालंय का?

बार्शीचा_बाळू:
भाऊ, पावसाला फार भाव देताय. 2024 ला लोकसभेत मराठवाड्यातल्या 8 पैकी 7 जागा महायुतीनं गमावल्या, त्या आरक्षण आणि सोयाबीनच्या दरावर. सहा महिन्यांत विधानसभेला पारडं फिरलं. त्यात ढग कुठं आले?

मंडळ_65:
ढग मतपेटीत येत नसतात, जीआरमध्ये येतात. महसूल मंडळात (काही गावांचा गट) 24 तासांत 65 मिमी पडला तर अतिवृष्टी. पर्जन्यमापक एका गावात, ढगफुटी दुसऱ्या गावात, की बसा बोंबलत. एक रुपयाचा पीकविमा 2025 च्या खरिपात गेला. मदतीची मर्यादा 3 हेक्टरची 2 झाली, पुरानंतर परत 3. आमच्याकडे पोरं आता पक्ष विचारत नाहीत, 'पंचनाम्यात नाव कोण घालून देतो' एवढंच विचारतात.

सीनाकाठ_परंडा:
बाळू, दराचं मान्य. पण मोर्चातली घोषणा बघा. अण्णांची हयात 'दुष्काळ जाहीर करा' ओरडण्यात गेली. 2025 ला पोरं 'ओला दुष्काळ जाहीर करा' म्हणत गेली, तर मुख्यमंत्रीच म्हणाले की नियमात असा शब्दच नाही, सवलती मात्र दुष्काळासारख्या देऊ. अण्णांना हे काही केल्या पटेना. कोरड्याला कागद आहे, ओल्याला नाही!

खरडलेल्या जमिनीला हेक्टरी 47 हजार रोख आणि मनरेगातून 3 लाखांपर्यंत, असं 2025 च्या सरकारी पॅकेजमध्ये होतं. तलावातला गाळ आणून टाकायचा विचार आहे. टिपरचा खेपेला काय दर चाललाय? आमच्या भागात टिपर आहेत ते सगळे एकाच पुढाऱ्याचे, आणि तो अण्णांच्या पक्षातला नाही.

बार्शीचा_बाळू:
मग अण्णांना आधी त्याच्या चहाला पाठवा. दर नंतर ठरतो.