किमयेच्या जुन्या चित्रांतील प्राणी आणि राशी : कोणता कोश घ्यावा?

चित्रवाचक :
युरोपातील किमयाविद्येच्या (हलक्या धातूंचे सोने करू पाहणाऱ्या विद्येच्या) जुन्या चित्रांच्या स्कॅन केलेल्या प्रती मी सध्या पाहत आहे. एका चित्रात लांडगा राजाला खातो आहे. दुसऱ्यात एक जोडपे कुरणात दवाने भिजलेले कापड पिळत असून जवळच मेंढा आणि बैल आहेत. प्रत्येक प्राण्याचा अर्थ देणारा कोश जाणकारांनी सुचवावा.

धातुवेडा :
कोश शेवटी घ्यावा, आधी चित्राखालचा मजकूर वाचावा. आपला लांडगा मिखाएल मायर यांच्या १६१७ सालच्या ‘आटालांटा फुगिएन्स’ या किमयेच्या चित्रग्रंथातील चोविसाव्या चित्रातला दिसतो. त्याच चित्रात मागे लांडगा चितेवर जळतो आणि राजा जिवंत चालत निघतो, हे सहसा नजरेतून सुटते. राजा म्हणजे सोने आणि लांडगा म्हणजे अँटिमनी या ठिसूळ उपधातूचे गंधकयुक्त खनिज. अशुद्ध सोने त्याच्यासह वितळवले की तांबे व चांदी गंधकाशी संयोग पावून मळीत जातात, सोने अँटिमनीत मिसळून तळाशी बसते आणि पुढे तीव्र आचेवर अँटिमनी उडून गेल्यावर शुद्ध सोने उरते. चित्र म्हणजे जवळजवळ कृतीच आहे.

पंचांगी :
मेंढा आणि बैल ‘मूटुस लिबेर’ या १६७७ सालच्या, जवळपास शब्दहीन पुस्तकातील आहेत. तिथे मजकूरच नाही, त्यामुळे धातुवेडा यांचा नियम लागू पडत नाही. मात्र दव गोळा करण्याचे काम समोरच दिसत असल्याने मेष व वृषभ हे ऋतू सांगतात, असे मानणे सयुक्तिक ठरते. या राशी सायन, म्हणजे ऋतूंना धरून मोजलेल्या आहेत; त्यांचा काळ साधारण २१ मार्च ते २० मे. आपल्या निरयन (ताऱ्यांना धरून मोजणाऱ्या) पंचांगातील मेष संक्रांत एप्रिलच्या मध्यावर येते, तो हिशेब इथे लावू नये. पेर्नेती या फ्रेंच लेखकाच्या किमयेवरील १७५८ च्या कोशात मेष म्हणजे भस्मीकरण, वृषभ म्हणजे घनीभवन अशी बारा राशी व बारा क्रियांची यादी आहे. ती सोयीची आहे, पण ऐंशी वर्षांनंतरची.

चित्रवाचक :
मग सूर्य गिळणारा हिरवा सिंह?

धातुवेडा :
काही जण त्यात हिराकस (लोहाचा हिरवा क्षार) पाहतात, काही सोने विरघळवणारे अम्लराज, तर काही पुन्हा अँटिमनीचे खनिज. १५५० च्या ‘रोझारियुम’ या किमयाग्रंथातील सिंहाचा अर्थ दुसऱ्या ग्रंथातील सिंहाला न तपासता लावू नये. मी स्वतः समासात तिन्ही शक्यता पेन्सिलीनेच लिहून ठेवल्या आहेत.