मदत हवी आहे: मावशीसाठी शांत, छोटं कुत्रं – कोणतं घ्यावं आणि किती वयाचं?

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच धागा काढलाय. जरा लांबण लागणार आहे पण घरची परिस्थिती नीट सांगितल्याशिवाय तुम्हाला तरी सल्ला कसा देता येणार, म्हणून सगळंच लिहिते.

आमच्याकडे माझी मावशी राहते. वय ७९. तिने लग्न केलं नाही, आम्हा भाचरांनाच लहानाचं मोठं केलं. मागच्या वर्षी घरातच पडून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, तेव्हापासून तिला आमच्याकडेच आणलंय. आता वॉकर घेऊन घरातल्या घरात फिरते. उजव्या कानाने जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे, त्यामुळे जरा खरचटलं तरी रक्त थांबायला वेळ लागतो आणि नुसता धक्का लागला तरी हातावर काळंनिळं होतं. डोकं मात्र एकदम शाबूत. मी आणि नवरा दिवसभर कामावर, मुलगा कॉलेजात, दिवसा एक मदतनीस ताई असतात त्या मावशीचं सगळं फार आपुलकीने करतात. म्हणजे ती एकटी नसते, पण तरी मागच्या काही महिन्यांत बोलणंच कमी झालंय तिचं. विचारलं की 'बरी आहे गं' एवढंच.

आता कुत्र्याचा विषय कुठून निघाला ते सांगते. मैत्रिणीला दोन दिवस बाहेर जायचं होतं म्हणून तिने तिची कुत्री आमच्याकडे ठेवली. नऊ वर्षांची, जात मिश्र, पांढरी-तपकिरी, कान पडलेले. आली, सगळं घर हुंगून झालं आणि जाऊन मावशीच्या पावलावर हनुवटी टेकवून झोपली. मावशी तशीच बसून राहिली. दीड तास! मी विचारलं बाथरूमला जायचंय का, तर मला हातानेच गप्प केलं, 'आत्ताच डोळा लागलाय तिचा' म्हणाली. संध्याकाळी बघते तर तिच्याशी चक्क गप्पा चाललेल्या, लहानपणीच्या घरातल्या कुत्र्याच्या गोष्टी ज्या मी पण कधी ऐकल्या नव्हत्या. कुत्री परत गेली त्याला आता आठवडा होईल, पण मावशी अजून खुर्चीच्या उजव्या बाजूला हात खाली सोडून बसते आणि बोटं हलवत राहते, जणू खाली कुणी आहे. मला ते बघवत नाही.

पण त्याच दोन दिवसांत दोन गोष्टी अशा झाल्या की माझ्या पोटात गोळा आला. एकदा ती कुत्री पॅसेजमध्ये आडवी पसरली होती, मावशी वॉकर घेऊन आली, खाली बघितलंच नाही, आणि कुत्री हलली त्याचा आवाज तिला त्या बाजूने आला नाही, ताईंनी दंड धरला म्हणून निभावलं. दुसरं म्हणजे दुपारची गोळी मावशीच्या हातून निसटून खाली पडली आणि ती उचलायला ताई वाकेपर्यंत कुत्रीचं नाक तिथे पोचलं होतं.

आता प्रश्न. ज्याला विचारावं तो एका जातीचं नाव सांगतो. एक म्हणतो पग घ्या, दुसरा म्हणतो शित्झू, तिसरा पॉम (पॉमेरेनियन), ऑफिसातली एकजण म्हणते बीगल छोटं असतं आणि गोड असतं. मुलाचं म्हणणं पिल्लूच आणू, म्हणजे हवं तसं वळण लावता येईल आणि आजीला पण त्याचा लळा लागेल. मला पिल्लाची धास्ती वाटते. दातांना शिवशिवत असतं, जे दिसेल ते चावत सुटतात, आणि शी-शू शिकेपर्यंत फरशी कधी ओली असेल सांगता येत नाही, तिथे वॉकर घसरला तर? पण मोठं कुत्रं आणलं तर ते नव्या माणसांना जीव लावेल का, आधीच्या काही सवयी असतील तर? आणि 'शांत आहे' असं समोरचा म्हणाला तर ते खरं की खोटं कसं ओळखायचं? ज्यांच्या घरी वयस्कर माणूस आणि कुत्रं दोन्ही आहे त्यांनी अनुभव लिहाल का प्लीज. न आणण्याचा सल्ला असेल तरी चालेल, पण कारणासकट सांगा.

प्रतिसाद:
तुमची पिल्लाची धास्ती रास्त आहे, मुलाला हे वाचायला द्या. पिल्लाचे दुधाचे दात सुईसारखे असतात आणि ते पडून पक्के दात यायला साधारण सहा महिने जातात, तोवर चावणं हा त्याचा दोष नाही, वयच तसं आहे. रक्त पातळ व्हायची गोळी घेणाऱ्या माणसाच्या हातावर ते परवडणारं नाही. चार-पाच वर्षांपुढचं कुत्रं बघा. त्याचा स्वभाव ठरलेला असतो, जे दिसतं तेच मिळतं. पिल्लू शांत निघेल ही आशा असते, मोठं कुत्रं शांत आहे हे डोळ्यांनी बघता येतं. आणि जीव लावायचं म्हणाल तर आमचं सहा वर्षांचं होऊन आलं, पहिले तीन दिवस कॉटखाली, तीन आठवड्यांनी घरातल्या वेळा कळल्या, तीन महिन्यांनी असं वागायला लागलं की जन्मापासून इथेच होतं.

प्रतिसाद:
जातींबद्दल लिहिते कारण तुम्ही नावं दिलीत. बीगल मनातून काढून टाका. दिसायला लहान, पण शिकारीत वासाचा माग काढायला तयार केलेली जात आहे, दमवलं नाही तर घर डोक्यावर घेतो आणि गळा काढून रडतो. जॅक रसेल तर त्याहून चपळ. डॅशहाउंडचा पाठीचा कणा लांब, मणक्याची चकती सरकायचा त्रास या जातीत खूप, सोफ्यावरून उड्या मारू द्यायच्या नाहीत, आणि भुंकतोही बराच. पॉम प्रेमळ असतो पण तीन किलोच्या आतबाहेरचा जीव, बेल वाजली की पायात गरागरा फिरतो, तुमच्या मावशींच्या वॉकरखाली आला तर दोघांचंही हाड मोडेल. खूप छोटं म्हणजे सुरक्षित असं वाटतं ना लोकांना, ते उलट आहे. सहा ते नऊ किलोचं, नजरेला पटकन दिसेल असं बघा.

पग स्वभावाने खरंच निवांत, पण चपट्या नाकामुळे श्वास कमी पडतो, उष्णतेत पटकन धाप लागते, डोळे पुढे आलेले म्हणून त्यांना इजा लवकर होते. घ्यायचाच तर झोपेत आणि चालताना श्वासाचा आवाज ऐकून घ्या, नाकपुड्या अगदी चिरेसारख्या असतील तर नको. शित्झू माणसाच्या मांडीवर बसण्यासाठीच पाळत आलेली जात, बहुतेक शांत असतात, फक्त केस रोज विंचरावे लागतात नाहीतर गुंता होऊन कातडी दुखते. केस बारीक कापून ठेवले की सोपं पडतं. ल्हासा अप्सो दिसायला तसाच पण तो तिबेटी मठांमधला राखणदार, अनोळखी माणसाला चटकन जवळ करत नाही, तुमच्याकडे बाहेरची माणसं येत-जात असतील तर विचार करा. सगळ्यात मऊ स्वभाव मला विचाराल तर कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलचा, पण हृदयाच्या झडपेचा आजार या जातीला फार, वय वाढेल तसा बहुतेकांना गाठतो. व्हेटकडून छाती तपासून घेतल्याशिवाय हो म्हणू नका.

आणि इतकं लिहून परत तुमच्या मैत्रिणीच्या कुत्रीकडे येते. तिची जात कुणाला माहीत नाही, तरी तीच तुम्हाला हवी तशी आहे. त्यातच उत्तर आलं असं नाही का वाटत?

प्रतिसाद:
मी जरा विरुद्ध बाजूने लिहितो, राग मानू नका. माझ्या आईला कुत्र्याच्या पट्ट्यात पाय अडकूनच फ्रॅक्चर झालं होतं. आमचाच निष्काळजीपणा, कुत्र्याचा दोष नाही. नंतर वाचलं तेव्हा कळलं की हे काही क्वचित घडणारं नाही, अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २००९ साली छापलेल्या अहवालात कुत्र्या-मांजरांमुळे पडून जखमी होणाऱ्यांचा अंदाज वर्षाला ८६ हजारांच्या वर दिला होता, त्यात जवळजवळ ८८ टक्के कुत्र्यांमुळे. खुबा एकदा मोडलेल्या माणसासाठी हा आकडा फार जवळचा आहे. म्हणून आणायचंच असेल तर फिरवायला मावशींनी न्यायचं नाही हे पहिल्या दिवशीच ठरवा. पट्टा मनगटाला गुंडाळून धरायचा नाही, लांब-आखूड होणारा दोरीचा पट्टा तर घरातच नको.

दुसरं, छोटं कुत्रं साधारण १२ ते १५ वर्षं जगतं. ते तुमचं कुत्रं आहे असं समजूनच आणा. रात्री अडीचला त्याला उलटी झाली तर कोण उठणार, हे आधी ठरलेलं बरं.

प्रतिसाद:
गोळीची गोष्ट वाचून लिहितेय. माणसांची औषधं कुत्र्याला फार वाईट. रक्त पातळ करणारी, बीपीची, आणि साधी वाटणारी दुखण्यावरची सुद्धा, आयबुप्रोफेनच्या थोड्या गोळ्यांनीही लहान कुत्र्याला पोटात रक्तस्राव होऊ शकतो. गोळ्या टेबलाशी बसून, खोल ताटलीत काढून घ्यायच्या आणि तेवढा वेळ कुत्रं दुसऱ्या खोलीत. द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण, चॉकलेट हे पण द्यायचं नाही, मावशी प्रेमाने स्वतःच्या ताटातलं भरवणार हे गृहीत धरा आणि ताईंनाही सांगून ठेवा.

नखं मात्र नियमित कापा. पातळ झालेल्या त्वचेवर नुसतं मांडीवर चढताना ओरखडा उठतो. ओरखडा किंवा चावा काहीही झालं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं, घरचं कुत्रं आहे म्हणून सोडून द्यायचं नाही. रेबीजची लस चालू आहे याचा कागद कुत्रं घेतानाच मागून घ्या.

प्रतिसाद:
मी बेवारस कुत्र्यांच्या निवाऱ्यात दर आठवड्याला जाते, तिथून लोकांना कुत्री देताना आम्ही जे बघतो ते सांगते. 'शांत' आणि 'घाबरून गप्प' यात फरक असतो. घाबरलेलं कुत्रं शेपूट पोटाशी घेतं, ओठ चाटत राहतं, जांभया देतं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो. खरं शांत कुत्रं अंग सैल सोडून पसरतं. वॉकर सोबत न्या आणि त्याच्यासमोर चालवून बघा. थोड्या अंतरावर स्टीलचं ताट पाडा. दचकणार प्रत्येकजण, बघायचं काय तर दचकून झाल्यावर किती वेळात परत येतो. अर्ध्या मिनिटात येऊन ताट हुंगायला लागला तर तो तुमचा. कोपऱ्यात जाऊन बसला तर बिचाऱ्याला दुसरं घर बघू. खाताना जवळून गेल्यावर अंग ताठ होतं का तेही बघा.

आणि पंधरा दिवस घरी नेऊन बघायला देतात का ते विचारा. एक मात्र राहिलं तुमच्या एवढ्या लांब पोस्टमध्ये: मावशींना विचारलंत का?

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. आईच्या पट्ट्याचा अनुभव लिहिलात त्या दादांवर राग कसला, तुमचं वाचूनच नवऱ्याने आणि मी बसून सकाळ-रात्र वाटून घेतली, मुलाने रविवारची आंघोळ आणि नखं स्वतःकडे घेतलीत.

नाही, मावशीला विचारलं नव्हतं. तिच्यासाठी सरप्राइज म्हणून मनात ठेवलं होतं, आणि तुमचा शेवटचा प्रश्न वाचल्यावर कळलं की किती चूक होतं ते, ज्या जिवाशी तिला दिवसभर राहायचंय तो तिने निवडायला नको का. काल रात्री तिच्याजवळ बसून विचारलं. आधी नको म्हणाली, 'माझं करता तेवढं पुरे आहे, आणखी व्याप कशाला.' मी म्हटलं आम्हालाही हवंय. मग बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, 'पिल्लू नको हं. माझ्याने त्याच्यामागे होणार नाही. मोठं आण, ज्याला कुणी नेत नाही असं. आणि पट्टा तांबडा घे, मला दिसेल असा.'

तर निवाऱ्यात जाऊन आलो. शित्झू मिश्र आहे एक, सात वर्षांचा, साडेसात किलो, आधीच्या मालकांच्या घरीही आजोबा होते म्हणे. मुलाने ताट पाडलं, तो दचकला, बेंचखाली गेला आणि लगेच बाहेर येऊन ताटाचा वास घेत बसला. व्हेटने हृदय ठीक सांगितलंय, दोन दात काढावे लागतील. शनिवारी पंधरा दिवसांसाठी घरी येतोय, वॉकरसकट मावशी त्याला भेटून आलीये.

एकच शेवटचं विचारते. त्याचं अंथरूण कुठे घालू? खुर्चीच्या उजवीकडे मावशीला सवय झालीये पण त्याच कानाने ऐकू येत नाही, आणि रात्री ती दोनदा तरी उठते.

प्रतिसाद:
अंथरूण डावीकडे, भिंतीला टेकून, वॉकरच्या वाटेपासून हातभर लांब. गळ्यात छोटी घंटी, खाली हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा), पॅसेजमध्ये रात्रभर बारीक दिवा. आणि रात्री पहिले पंधरा दिवस त्याला तुमच्या खोलीत झोपवा, दार लावून. मावशींना वाईट वाटेल, समजावून सांगा. दिवसा तो त्यांचाच आहे.

धागाकर्ती:
खुर्चीच फिरवून ठेवली आत्ता, डावी बाजू खोलीकडे येईल अशी. पंधरा दिवसांनी इथेच लिहीन.