भुज एअरपोर्ट उघडलं म्हणतायत, आईला विमानाने पाठवू की ट्रेनने?

डोंबिवलीकर_थोरली
१३ मे २०२५, रात्री

नमस्कार मंडळी, जरा लवकर सांगा प्लीज. धाकटी बहीण भुजला असते, माधापरला, तिचे दिवस भरत आलेत, २२ तारीख दिलीये डॉक्टरांनी. आईचं १० तारखेचं मुंबई-भुज तिकीट होतं, ते भारत-पाकिस्तान संघर्षामुळे एअरपोर्टच बंद झाल्याने गेलं, जवळचं कांडला एअरपोर्टही त्याच बंद केलेल्या ३२ विमानतळांच्या यादीत, म्हणजे विमानाने दुसरा मार्गच नाही. आधी १५ च्या पहाटेपर्यंत बंद म्हणाले होते, मग काल १२ ला सकाळी बातमी आली की सगळे उघडले, मी धावत आजचं तिकीट काढलं आणि रात्री मेसेज, फ्लाइट कॅन्सल. मग उघडलं म्हणजे नक्की काय उघडलं? आई ६८ ची, दोन्ही गुडघे बदललेले, एकटी जाणार. कच्छ एक्सप्रेसला वेटिंग. बहीण त्या ब्लॅकआउटच्या रात्री काळोखात बसून फोनवर नुसती रडत होती हो, तेव्हापासून आईला इथे घास जात नाहीये.

रॅम्पवाला_विक्रोळी

ताई, मी ११ वर्षं एअरपोर्टवर ग्राउंड हँडलिंगला आहे, म्हणून सांगतो. उघडलं म्हणजे नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठी काढलेली बंदची सूचना, मागे घेतली, विमानाला तिथे उतरायची परवानगी मिळाली, एवढंच. विमानं सुटायला अजून बरंच जमावं लागतं. भुजचा रनवे एअरफोर्सचा आहे, आपलं टर्मिनल त्यांच्या बाजूला, श्रीनगर जम्मू चंदीगड जामनगर सगळीकडे तेच, त्यामुळे त्यांचं काम आधी आणि मग आपलं. त्यात तिकडची विमानं आणि क्रू चार दिवस दुसऱ्या रूटवर लावलेत ते परत आणायचे. आणि काल संध्याकाळी जम्मूकडच्या सांब्याला परत ड्रोन दिसले, दिल्लीहून अमृतसरला निघालेलं विमान अर्ध्या वाटेतून परत फिरवलं, म्हणून आजच्या जम्मू, लेह, राजकोट सगळ्या फ्लाइट रद्द झाल्या. विमान कंपन्यांनी हे बरोबरच केलं असं माझं मत, लोक काउंटरवरच्या पोरांवर ओरडतात ते बघवत नाही. एक एक रूट सुरू होईल, पहिल्या दिवसाचं तिकीट काढू नका, दोन दिवस फ्लाइट खरंच जाऊन आलेली बघा आणि मग काढा.

आणि मुंबईतून निघताना आईंना तीन तास आधी पोचवा, चेक-इन ७५ मिनिटं आधी बंद होतंय सध्या. सोडायला आलेल्यांना आत घेत नाहीयेत, व्हिजिटर तिकीट बंद आहे, त्यामुळे व्हीलचेअर आत्ताच बुकिंगमध्ये टाकून ठेवा, गेटवरून आमचा माणूस घेऊन जाईल.

काकू_अंधेरी

अगं माझेपण दोन्ही गुडघे बदललेत आणि मी ११ ला नागपूरला जाऊन आले तेव्हा ताजा अनुभव सांगते. आता दोनदा तपासतात, एकदा नेहमीचं सीआयएसएफचं आणि मग विमानात चढायच्या अगदी आधी परत, त्याला लॅडर पॉइंट चेक म्हणतात. गुडघ्यात धातू असल्यामुळे दोन्हीकडे मशीन वाजतंच, मग पडद्याआड नेऊन लेडीज स्टाफ हाताने तपासते, अगदी नीट वागतात, घाबरायचं काही नाही. पण चढायच्या आधी विमानाला जोडलेल्या त्या बोगद्यात मी वीस मिनिटं उभी होते, भिंतीला टेकून, व्हीलचेअर घेतली नाही याचा तेव्हा पश्चात्ताप झाला. ऑपरेशनचं सर्टिफिकेट पर्समध्ये वरच ठेवायला सांग.

आणि बाळंतिणीसाठी नेणार म्हणजे डिंक, अळीव, तूप असणारच! तूप मोठ्या बॅगेत टाका, हातात नको. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र कुठल्याच बॅगेत चालत नाहीत, पेट घेतात म्हणून काढून टाकतात. खोबरं भुजलाच घ्या.

मुलुंडचे_आजोबा

लेकी, तुझी बहीण माधापरला राहते हे वाचून राहवलं नाही. १९७१ च्या डिसेंबरात हाच भुजचा रनवे पाकिस्तानने बॉम्ब टाकून उखडला होता, तेव्हा माधापरच्याच सुमारे ३०० बायकांनी ७२ तासांत तो परत विमान उतरण्याजोगा केला, भोंगा झाला की झुडपात लपायच्या, संपला की परत घमेली उचलायच्या. तळावर प्रमुख होते आपले स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक. तुझ्या बहिणीच्या शेजारीपाजारी अशा घरातली कोणी म्हातारी नक्की असेल. तिच्याकडे जाऊन बस म्हणावं संध्याकाळची, एकटी राहू नकोस.

डोंबिवलीकर_थोरली

सगळ्यांचे मनापासून आभार. आजोबा, बहिणीला वाचून दाखवलं, तिच्या घरमालकिणीच्या सासूबाई त्यातल्याच निघाल्या! कधी बोलल्याच नव्हत्या. आता रोज जाऊन बसते म्हणाली.

आमचं ठरलं असं की उद्या सकाळी १० ला तत्काळ बघते, मिळालं तर आई ट्रेननेच जाईल आणि मी बरोबर जाईन, दोन दिवस रजा टाकते. नाही मिळालं तर १७ चं विमान, व्हीलचेअरसकट. खोबऱ्याच्या वाट्या आत्ताच पिशवीतून काढल्या, आई म्हणते ट्रेन मिळाली तर परत भरते.